कोणती अर्जुनी? : प्राचीन इजिप्ती नामांच्या अभ्यासाची प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाची दोन तालुक्यांची गावे आहेत. त्यामुळे नुसते ‘अर्जुनीला जायचे आहे’ म्हटले, की समोरचा विचारतो, ‘कोणत्या?’ मग आपण सांगतो, ‘मोरगाव.’ किंवा सांगतो, ‘सडक.’ एक मोरगावाला लागून असलेली अर्जुनी, दुसरी सडकेवरची अर्जुनी. नाव तेच, पण जोडीला दुसरा शब्द आल्याशिवाय ते कोणत्या गावाचे हे ठरत नाही.

प्राचीन इजिप्तच्या लेखनिकांपुढे हीच अडचण होती. स्वर न लिहिता केवळ व्यंजने लिहायची त्यांची रीत होती, त्यामुळे अनेक शब्द कागदावर सारखेच दिसत. त्यांनी यावर उपाय काढला. शब्दाच्या शेवटी ते एक चित्र काढत. ते चित्र उच्चारायचे नसे. शब्द कोणत्या प्रकारच्या वस्तूचा आहे एवढेच ते सांगे. लेखनिकाची दौत आणि बोरू दाखवणाऱ्या चिन्हापुढे पपायरसची गुंडाळी काढली तर अर्थ ‘लेखन’. त्याच चिन्हापुढे बसलेला माणूस काढला तर अर्थ ‘लेखनिक’. गावाच्या नावापुढे ते एक वर्तुळ काढत आणि त्यात एकमेकांना छेदणारे रस्ते दाखवत. परक्या देशाच्या नावापुढे टेकड्या येत. आपल्या अर्जुनीच्या नावात ‘मोरगाव’ जे काम करते, तेच काम नाईलच्या काठी ही मुकी चित्रे करत होती. अभ्यासक त्यांना निर्धारक चिन्हे म्हणतात.

इजिप्ती भाषेतील नामांची रूपे आणि त्यांचे अर्थ मराठी वाचकाला समजावून देण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. इतक्या दूरच्या आणि इतक्या जुन्या भाषेकडे जाण्याची वाट आपल्या दारातून सुरू होते, अशी माझी पक्की समजूत आहे. म्हणून या प्रस्तावनेत मी अर्जुनी मोरगाव सोडणार नाही. इथल्या शब्दांच्या आधारानेच पुढे जाणार आहे.

आधी भाषेची ओळख करून देतो. इजिप्ती भाषेचे लिखित पुरावे इसवी सनापूर्वी सुमारे 3200 पासून मिळतात. जुनी, मध्य, उत्तरकालीन, डेमॉटिक आणि कॉप्टिक असे तिच्या वाढीचे पाच टप्पे मानतात. या पुस्तकातील बहुतेक उदाहरणे मध्य इजिप्तीतील आहेत, कारण तिलाच पुढच्या पिढ्यांनी अभिजात मानले. चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख इसवी सन 394 मधला असून तो फिले बेटावरच्या मंदिरात आहे. त्यानंतर ही लिपी वाचणारा माणूस उरला नाही. रोझेटा येथे 1799 साली शिळा सापडली. तिच्यावर इसवी सनापूर्वी 196 मधील एकच राजाज्ञा चित्रलिपीत, डेमॉटिकमध्ये आणि ग्रीकमध्ये कोरलेली होती. त्या शिळेच्या आणि इतर लेखांच्या आधाराने 1822 साली शाँपोलियाँ या फ्रेंच विद्वानाने लिपीचे कुलूप उघडले. मधल्या चौदाशे वर्षांत भिंतीवरचे शब्द डोळ्यांना दिसत होते. वाचता मात्र कोणालाच येत नव्हते.

हे कुलूप नामांनी उघडले. राजाचे नाव लंबगोल कड्यात कोरण्याची इजिप्तची पद्धत होती. तोलेमी आणि क्लिओपात्रा ही नावे ग्रीकमधून ठाऊक असल्याने त्या कड्यांतील चिन्हांचे उच्चार जुळवता आले. मग एका कड्यात सूर्याची चकती दिसली. कॉप्टिक भाषेत सूर्याला ‘रे’ म्हणतात हे शाँपोलियाँला माहीत होते, आणि त्या चकतीपासून ‘रामसेस’ हे नाव त्याने वाचले. कॉप्टिक ही ग्रीक अक्षरांत लिहिलेली इजिप्तीच. चर्चमधल्या प्रार्थनांत ती टिकली होती. लोकांच्या बोलण्यातून उतरत गेलेली ही भाषा कोणी जपली नसती, तर शिळा सापडूनही तिचे काम अर्धेच राहिले असते.

आता नामाच्या रूपाकडे वळू. मराठी शाळेत आपण तीन लिंगे शिकतो. इजिप्तीत दोनच आहेत, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. पुल्लिंगी नामाला वेगळी खूण नसते. स्त्रीलिंगी नामाच्या शेवटी ‘त’ येतो. भावाला ‘सेन’, बहिणीला ‘सेनेत’. मुलाला ‘सा’, मुलीला ‘सात’. देव ‘नेचेर’, देवी ‘नेचेरेत’. यातले ‘ए’ अभ्यासकांनी वाचण्याच्या सोयीसाठी घातलेले आहेत. लेखात फक्त व्यंजने असतात, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

दोनच लिंगे असलेली भाषा प्रमाण मराठीच्या वाचकाला अपुरी वाटेल, पण अर्जुनी मोरगावच्या माणसाला तसे वाटू नये. त्याच्या झाडीपट्टीची बोली असलेल्या झाडीबोलीतही नपुंसकलिंग नाही. पुस्तकातले ‘ते घर’, ‘ते शेत’ इथल्या बोलण्यात ‘तो’ किंवा ‘ती’ यांच्या रांगेत जाऊन बसते. परीक्षेत झाडीपट्टीच्या मुलाने लिंग चुकवले म्हणून गुण कापले जातात, तेव्हा ते मूल आपल्या घरच्या व्याकरणाप्रमाणे बरोबर असते. त्याचे दोन खणांचे घर त्याने मोडलेले नसते. इतकेच की शाळेने त्याला तीन खणांचे घर दिलेले असते.

तिसरा खण नसेल, तर नाव नसलेल्या, मोघम गोष्टी ठेवायच्या कुठे? मराठीने त्यासाठी बहुधा नपुंसकलिंग वापरले: ‘बरे झाले’, ‘वाईट घडले’. इजिप्तीने त्या स्त्रीलिंगात ठेवल्या. ‘नेफेर’ म्हणजे चांगला, तर ‘नेफरेत’ म्हणजे चांगली, तसेच ‘चांगली गोष्ट’. ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. ‘त्याची चांगलीच जिरली’ असे आपण म्हणतो. काय जिरली, हे कोणी सांगत नाही. पण ते जे काही आहे ते स्त्रीलिंगी आहे, हे प्रत्येकाला न शिकवता कळते.

या ‘त’ प्रत्ययाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इजिप्ती ही अरबी आणि हिब्रू यांच्या विस्तृत भाषाकुलातली आहे, आणि स्त्रीलिंगी ‘त’ हा त्या कुलाचा जुना वारसा आहे. अरबीतला हाच ‘त’ फारसीच्या वाटेने मराठीत आला. किंमत, दौलत, इज्जत, हरकत, हकीकत, जमात, रयत या शब्दांचा शेवट पाहा, आणि त्यांच्या आधी कोणते दर्शक लागते तेही पाहा. ती किंमत, ती दौलत, ती रयत. फारसीत व्याकरणातले लिंगच नाही. तरी त्या वाटेने येऊनही हे शब्द मराठीत स्त्रीलिंगीच स्थिरावले. म्हणजे बाजाराच्या दिवशी भाजीची ‘किंमत’ विचारणारी बाई, चार हजार वर्षांपूर्वी ‘सेनेत’मध्ये लागलेल्या प्रत्ययाच्या भावकीतला प्रत्यय तोंडाने उच्चारत असते. शब्दांचे नाते असे दूरवर पोचते. पण जिथे नाते नाही तिथे ते जोडूही नये. मराठी आणि इजिप्ती यांची कुळे वेगळी आहेत. या पुस्तकात जी साम्ये दाखवली आहेत ती बहुतेक माणसाच्या विचार करण्याच्या रीतीतली आहेत, रक्ताची नाहीत.

वचनाकडे येऊ. इजिप्तीत एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन अशी तीन वचने होती. अनेक भाऊ ‘सेनू’, दोन भाऊ ‘सेनवी’. अनेकवचन दाखवायला लेखनिक चिन्हाखाली तीन छोट्या रेघा काढत, किंवा तेच चित्र तीनदा काढत. तीन म्हणजे पुष्कळ, असा त्यांचा हिशेब होता. द्विवचनाची गरज जोडीने असणाऱ्या गोष्टींना अधिक लागे: दोन डोळे, दोन हात, आणि ‘तावी’ म्हणजे दोन भूमी. वरचा इजिप्त आणि खालचा इजिप्त मिळून झालेल्या राज्याचे ते नाव होते. राज्य एक झाले, तरी नामाच्या रूपाने त्याचे दोनपण विसरू दिले नाही. संस्कृतातही द्विवचन आहे. प्राकृतात ते गेले आणि मराठीला मिळाले नाही, पण ‘दोघे’ आणि ‘दोघी’ म्हणताना दोनसाठी वेगळी जागा ठेवण्याची सवय थोडी उरली आहे.

संबंध दाखवण्याची इजिप्ती पद्धत तर मराठी माणसाला ओळखीची वाटेल. ‘राजाचा मुलगा’ आणि ‘राजाची मुलगी’ यांत आपला ‘चा’ पुढच्या नामाकडे पाहून बदलतो. इजिप्तीतही तसेच होते. जोडणारा शब्द पुल्लिंगी नामाबरोबर ‘नी’, स्त्रीलिंगी नामाबरोबर ‘नेत’ आणि पुल्लिंगी अनेकवचनाबरोबर ‘नू’ होतो, आणि तोही ज्याचे आहे त्याच्याकडे न पाहता, जे आहे त्याच्याकडे पाहून बदलतो. इंग्रजीतून इजिप्ती शिकणाऱ्याला हा नियम घोकावा लागतो. मराठी मूल तो घेऊनच शाळेत येते. इजिप्ती शिकायला इंग्रजी पुस्तकच हवे, ही समजूत मराठी वाचकाने सोडावी असे मला वाटते, ते यामुळेच.

आता अर्थाची बाजू. इजिप्तचे लोक आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणत. ‘केम’ म्हणजे काळा. ‘केमेत’ म्हणजे काळी. नाईलच्या पुराने आणलेल्या गाळाची ती काळी जमीन. तिच्या पलीकडचे वाळवंट ‘देशरेत’, म्हणजे तांबडी. हे वाचताना मराठी शेतकऱ्याला अर्थ विचारावा लागत नाही. आपल्या गावगाड्यात कसायची जमीन ‘काळी’ आणि वस्तीची जागा ‘पांढरी’. इथेही रंगाचे विशेषण स्त्रीलिंगी होऊन नाम बनले. झाडीपट्टीत या मातीला आणखी बारीक नावे आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी. पाणी किती धरते आणि धान कसे येते, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या एकेका नामात साठवलेला आहे.

‘पेर’ म्हणजे घर, ‘पेर-आ’ म्हणजे मोठे घर, राजवाडा. पुढे राजवाड्यात राहणाऱ्यालाच ‘पेर-आ’ म्हणू लागले, आणि तेच नाव हिब्रू-ग्रीकमधून ‘फेरो’ होऊन जगभर गेले. ‘वाड्यावरून निरोप आलाय’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला ही अर्थाची वाट वेगळी समजावून सांगायला नको. मांजराला इजिप्ती लोक ‘मिऊ’ म्हणत. आपली मुले मनीमाऊ म्हणतात. दोघांनीही मांजरालाच विचारून नाव ठेवले.

काही नामे तर इजिप्तमधून निघून आपल्या रानाच्या कडेपर्यंत आली आहेत. ‘हेबनी’ हा इजिप्ती शब्द काळ्या, जड, मौल्यवान लाकडाचा. तो ग्रीकमध्ये ‘एबेनोस’ झाला, अरबी-फारसीत आणि तिथून आपल्याकडे ‘अबनूस’ झाला. ज्या झाडाला इजिप्ती लोक हे नाव देत ते आफ्रिकेतले, आपल्या शिसवाच्या वंशातले. पुढे हे नाव दुसऱ्याच वंशातील काळ्या लाकडाला चिकटले. त्या दुसऱ्या वंशातले एक झाड नवेगावबांधच्या जंगलात जागोजाग उभे आहे. उन्हाळ्यात विडीसाठी त्याची पाने तोडतात. आपण त्याला तेंदू म्हणतो. नाम झाड बदलते, देश बदलते, पण काळ्या लाकडाची आठवण सोडत नाही.

नामाचा अर्थ असा सरकतो आणि कधी हरवतोही. त्याचे इथले उदाहरण म्हणजे ‘मामा तलाव’. बाहेरच्या माणसाला वाटते, कोणा मामाने बांधला असेल. जुन्या मालगुजारांच्या काळातले हे तलाव. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि सरकारी कागदांवर ते ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. दोन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन झाले ‘मामा’. तीनचार पिढ्यांनी हा कागद हरवला, तर विद्वान या मामाची कथा रचतील. ‘मंडई’चेही तसेच. पुण्यात तो भाजीबाजार. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी, दंडार आणि नाटके रंगणारी मंडई. कोशात एकच अर्थ लिहिला, तर दुसरा अर्थ जगत असलेल्या माणसांसकट वगळला जातो.

आता एक शब्द घेऊन अर्जुनी मोरगाव तालुक्यात फिरून येऊ. तो शब्द ‘डोळा’. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. म्हणून इथे तो ‘डोरा’, अनेकवचनी ‘डोरे’. गोंडीत ‘कन’, अनेकवचनी ‘कंक’. गोंडीतही दोनच वर्ग आहेत, पण त्यांची वाटणी निराळी: पुरुष आणि देव एका बाजूला, स्त्रिया धरून बाकी सारे जग दुसऱ्या बाजूला. पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांच्या वस्त्यांत तो ‘चोख’, आणि बंगालीत नामाला लिंगच नाही. गोठणगावजवळच्या, 1972 पासूनच्या तिबेटी वसाहतीत तो ‘मिग’. तिथेही लिंग नाही, आणि दोन असले तरी रूप बदलत नाही. इजिप्तीत हाच शब्द ‘इरेत’, स्त्रीलिंगी, आणि दोन असले की ‘इरती’. एकच अवयव, सर्वांना सारखाच. तरी एका भाषेने त्याला पुरुष केले, एकीने स्त्री, एकीने पुरुषेतर, आणि दोघींनी तो प्रश्नच विचारला नाही. एकाच तालुक्यातल्या चार भाषांनी जग मोजण्याच्या चार रीती ठेवल्या आहेत. नामाचे रूप हे व्याकरणाचे ओझे नव्हे. ते समाजाने जगाची केलेली मांडणी आहे. या पुस्तकात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

आणि म्हणूनच इजिप्तीत जे हरवले त्याची मला सर्वांत जास्त हळहळ वाटते. ‘सेन’ हा उच्चार आपण सोयीने करतो हे वर सांगितले. कॉप्टिकमध्ये भावाला ‘सॉन’ म्हणतात, अनेकवचनी ‘स्नेऊ’, बहिणीला ‘सोने’. म्हणजे एकवचनाचे अनेकवचन होताना शब्दाच्या आतले स्वर बदलत होते, जसे मराठीत ‘बहीण’चे ‘बहिणी’ होते. स्त्रीलिंगाचा ‘त’ लेखनात राहिला, पण बोलण्यातून गळून गेला; ‘केमेत’ कॉप्टिकपर्यंत ‘केमे’ झाले. भिंतीवर दगडात कोरलेली भाषा टिकली, पण नामाचे खरे रूप स्वरांत होते, आणि स्वर कोणी कोरले नव्हते. ज्यांना ते येत होते त्यांना ते लिहिण्याची गरज वाटली नाही. ते लिहायला हवेत असे वाटण्याइतका कोणाला धोका दिसला नाही.

आपण आज तेच करत आहोत. ‘डोरा’ ऐकून ‘डोळा’ लिहितो, ‘पानी’ ऐकून ‘पाणी’ लिहितो, ‘सेत’ ऐकून ‘शेत’ लिहितो. अर्थ पोचतो, रूप पुसले जाते. प्रमाण लेखनाची गरज मी नाकारत नाही; सरकारी कागद, पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र यांना ते हवेच. पण बोलीची नोंद प्रमाण अक्षरांत केली, तर ती नोंद राहत नाही. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा कोश करून आणि तिचे व्याकरण मांडून मोठा पाया घातला आहे. त्या पायावर गावागावाची भर पडायला हवी. बर्लिनमध्ये इजिप्ती भाषेचा कोश 1897 साली हाती घेतला गेला. सुमारे पंधरा लाख चिठ्ठ्यांवर शब्द उतरवले गेले, आणि मुख्य पाच खंड 1926 ते 1931 या काळात बाहेर पडले. तिथे विचारायला बोलणारा एकही माणूस शिल्लक नव्हता. मृत भाषेसाठी एवढे कष्ट घेतले गेले. आपल्याकडे बोलणारी आजी ओसरीवर बसलेली आहे.

पुस्तकाची मांडणी सोपी ठेवली आहे. पहिल्या भागात लिंग, वचन आणि संबंध. दुसऱ्यात निर्धारक चिन्हे आणि अर्थाचे वर्ग. तिसऱ्यात माणसांची, देवांची आणि गावांची नावे. लिपी न येणाऱ्यालाही तिन्ही भाग वाचता येतील. ज्याला पुढे जायचे आहे त्याने गार्डिनरचे 1927 चे इजिप्ती व्याकरण हाती घ्यावे. आधुनिक अभ्यासकांच्या दोन पिढ्यांहून अधिक त्याच्यावर घडल्या आहेत.

वाचकाला शेवटी एकच विनंती. पुस्तक वाचून झाले की एक वही घ्या. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि बांधी, बोडी, पार, धुरा, मोहा, टोरी, डोरा असे पन्नास शब्द लिहून घ्या. जसे ऐकू येतात तसेच लिहा. प्रत्येकासमोर तो की ती, एक असताना काय आणि पुष्कळ असताना काय, आणि तो शब्द असलेले त्यांच्या तोंडचे एक पूर्ण वाक्य लिहा. वहीवर तारीख आणि गावाचे नाव घाला. ‘अर्जुनी’ लिहाल तेव्हा पुढे ‘मोरगाव’ लिहायला विसरू नका.